फादर स्टीफन्स

इसवी सन १५७९ च्या एप्रिल महिन्याची ४ तारीख. पोर्तुगालमधील लिस्बनच्या बंदरातून पाच मोठी जहाजे गोव्याच्या दिशेने निघाली. त्यांत खलाशी होते, सैनिक होते, तशीच बायकामुलेही होती. एका जहाजावर सुमारे तीस वर्षांचा एक इंग्रज धर्मोपदेशक होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. मराठी भाषेत एक थोर ग्रंथ आपल्या हातून लिहिला जाईल, याची त्यास तेव्हा कल्पनाही नव्हती.

थॉमसचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्याचे वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडात ख्रिस्ती धर्माच्या दोन पंथांत मोठे वैर माजले होते. कॅथलिक पंथाच्या लोकांना आपली उपासना उघडपणे करता येत नसे. थॉमस त्याच पंथाचा होता. त्याने व त्याच्या एका मित्राने रोमला जाण्याचा बेत केला. परंतु मित्र पकडला गेला आणि थॉमसला एकट्यानेच देश सोडावा लागला. १५७५ साली रोम येथे तो येशूसंघात दाखल झाला. पुढे हिंदुस्थानात जाण्याची त्याची इच्छा मान्य झाली.

तो काळ शिडाच्या जहाजांचा होता. अथांग सागरावर ना वाट असे, ना खूण. नावाड्यांचा सारा भरवसा आकाशावर असे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका उंच दिसतो, तितकेच त्या ठिकाणचे अक्षांश असतात. लिस्बनला तो सुमारे ३९ अंश उंच दिसतो. जहाज दक्षिणेकडे जाऊ लागले, की तो रोज थोडाथोडा खाली उतरतो. विषुववृत्तापाशी तो क्षितिजाला टेकतो आणि मग दिसेनासा होतो. तेथून पुढे सूर्याची उंची मोजून आणि दक्षिणेकडील तारे पाहून वाट काढावी लागे. त्या दक्षिण आकाशात चार ठळक ताऱ्यांची एक आकृती आहे. आपण तिला त्रिशंकू म्हणतो. पोर्तुगीज नावाड्यांना तीत येशूचा क्रूस दिसे.

प्रवास फार कष्टाचा झाला. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि प्रवासी उन्हाने होरपळून निघाले. जुलैच्या अखेरीस जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी पोहोचले. पुढे उशीर झाल्यामुळे मादागास्कर बेटाच्या बाहेरून, दूरच्या वाटेने जावे लागले. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतील सत्तावीस दगावली.

याहून मोठी अडचण निराळीच होती. आकाशावरून अक्षांश कळत. परंतु पूर्वेकडे किती आलो, हे सांगणारा एकही स्थिर बिंदू आकाशात नव्हता. अचूक घड्याळे निघून ही अडचण सुटली ती पुढे अठराव्या शतकात. तोवर अंदाज चुकला, की जहाज खडकावर आदळे किंवा भलतीकडे भरकटे. मग शेकडो जिवांनी कोणावर विसंबावे?

स्टीफन्स यांनी हे सारे बारकाईने पाहिले. नावाडी समुद्रपक्ष्यांची नोंद ठेवीत. वाऱ्याचा वेग पाहून दिवसाची मजल ठरवीत. जुन्या प्रवाशांची टिपणे वाचीत. होकायंत्राची सुई सर्वत्र नेमकी उत्तर दाखवीत नाही. ती कोठे किती ढळते, हे पाहून ते आपले स्थान ताडीत. अखेर हिंदुस्थानचे ओळखीचे पक्षी दिसले, माडाच्या झावळ्या तरंगत आल्या आणि पाण्यावर साप पोहताना आढळले. जमीन जवळ आली होती. २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले.

पुढच्याच महिन्याच्या १० तारखेस स्टीफन्स यांनी वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. या सर्व खुणा त्यांनी त्यात वर्णन केल्या आणि त्या ईश्वराने नावाड्यांना दिलेले साहाय्य होय, असे मानले. अंश मोजणे आणि ईश्वरापुढे नम्र होणे, यांत त्यांना विरोध वाटला नाही. जितके बारकाईने पाहावे, तितका विस्मय वाढतो, अशी त्यांची वृत्ती होती.

त्याच वर्षी मुंबईजवळच्या साष्टी बेटावर, आजच्या अंधेरीनजीक, येशूसंघाच्या पाद्र्यांनी एक देऊळ बांधले. त्याचे भग्न अवशेष अद्याप उभे आहेत. गोव्यातही साष्टी नावाचाच एक प्रांत आहे. तेथे स्टीफन्स यांनी सुमारे चाळीस वर्षे सेवा केली. ते कोकणी शिकले आणि मराठीत पारंगत झाले.

तेथील नवख्रिस्ती लोकांचे जुने पुराणग्रंथ बंद करण्यात आले होते. ओव्यांवाचून त्यांचे मन रिते झाले. ही उणीव जाणून स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. ईश्वराने सूर्य, चंद्र व तारे कसे निर्माण केले, ही कथा त्यात आहे. तसेच एका ताऱ्यामागोमाग चालत पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळ येशूपर्यंत कसे पोहोचले, तेही आहे. ताऱ्यांच्या आधारे समुद्र ओलांडून आलेल्या कवीने ही कथा मराठीत आणली. मराठीचा गौरव करतानाही त्यांना आकाशच आठवले. ताऱ्यांमध्ये जशा बारा राशी, तशी भाषांमध्ये मराठी, असे त्यांनी मानले.

देवनागरी खिळे पाडता यावेत, म्हणून त्यांनी १६०८ साली वरिष्ठांकडे मागणी केली होती. ती पूर्ण झाली नाही आणि हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६१९ साली फादर स्टीफन्स निवर्तले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या मूळ छापील प्रती कालांतराने नाहीशा झाल्या. परंतु भाविकांनी हातांनी नकलून घेतलेल्या पोथ्या घरोघरी जपल्या, वाचल्या आणि गायिल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला.

मुंबईच्या उपनगरांतून ध्रुवतारा आजही क्षितिजापासून १९ अंश उंच दिसतो. मे महिन्यात रात्री, दिव्यांपासून दूर असलेल्या किनाऱ्यावर, दक्षिणेस अगदी खाली त्रिशंकूही दिसतो. परक्या देशातून आलेल्या एका प्रवाशाने याच आकाशाखाली मराठीला आपली भाषा मानले आणि तिच्यात आपल्या श्रद्धेचा ठेवा ठेवला.