आरोपीच्या पिंजऱ्यातील लोकमान्य

लोकमान्य टिळकांवर लेख म्हटला की आपल्याकडे तो शेंगांच्या टरफलांपासून सुरू होतो आणि मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून संपतो. शाळेपासून आपण हेच ऐकत आलो. मधल्या न्यायालयांचा उल्लेख येतो तो केवळ शिक्षा सांगण्यापुरता. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, कायद्याचा नव्हे. परंतु १९०८ च्या खटल्याचा जो संपूर्ण वृत्तांत न. चिं. केळकरांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला, तो यंदा वाचून काढल्यापासून टिळक मला वेगळेच दिसू लागले आहेत. सरकारने आरोप ठेवल्यावर माणसाच्या हातात काय काय उरते, याचा इतका बारकाईने विचार केलेला दुसरा आरोपी आपल्या इतिहासात मला तरी आढळला नाही.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. गणिताचे हे बुद्धिमान विद्यार्थी १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. वकिली मात्र त्यांनी केली नाही. शाळा काढली, कॉलेज काढले, वर्तमानपत्रे काढली. पुढे पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी वर्गही चालविला. म्हणजे कायदा त्यांनी शिकविला तो दुसऱ्यांना, आणि वापरला तो स्वतःवरच्या आरोपांत!

पहिला धडा कटू होता. १८८२ साली 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कोल्हापूरच्या छत्रपतींना होणाऱ्या छळाबद्दल तेथील दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारावर ती केली होती ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला चालविलाच. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू शुद्ध होता, एवढे सांगून अब्रुनुकसानीच्या आरोपातून सुटता येत नाही. जे छापले ते खरे व लोकहिताचे होते हे दाखवावे लागते, नाहीतर निदान वाजवी काळजी घेऊन छापले होते हे तरी. पंचवीस-सव्विशीच्या त्या दोन संपादकांना ते दाखविता आले नाही. या खटल्याची हकीकत चरित्रकार घाईने उरकतात. मला वाटते, पुढचे सावध टिळक येथेच घडले.

मग आले १८९७ साल. पुण्यात प्लेग, त्याच्या बंदोबस्तात सोजिरांचा जुलूम, आणि २२ जून रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्या. 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली होती. तेवढ्यावरून भारतीय दंडसंहितेच्या १२४-अ कलमाखाली, म्हणजे राजद्रोहाबद्दल, टिळकांना २७ जुलैच्या रात्री मुंबईत पकडण्यात आले. जामिनाचा अर्ज दंडाधिकाऱ्यांनी फेटाळला. उच्च न्यायालयातही पहिला अर्ज फेटाळला गेला. ४ ऑगस्ट रोजी पुन्हा अर्ज झाला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे, आणि त्यांनी जामीन दिला. त्यांची विचारसरणी साधी होती. खटला सुरू व्हावयास अवकाश आहे. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे. आणि तो उद्या निर्दोष ठरला तर फुकट भोगलेली कोठडी त्याला कोण परत देणार? जामीन म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी नव्हे, तो बचावाचाच एक भाग आहे, हे येथे इतक्या स्वच्छपणे दिसते की राज्यशास्त्राच्या तासाला हाच दाखला द्यावा. त्या दिवशी टिळकांच्या वतीने जामीन मागणाऱ्या बॅरिस्टरांचे नाव होते दिनशा दावर. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. कलमातील 'अप्रीती' या शब्दाचा त्यांनी ज्यूरीला सांगितलेला अर्थ प्रसिद्धच आहे: प्रीतीचा अभाव म्हणजे अप्रीती! असा अर्थ लावला तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक माणूस गुन्हेगारच ठरावयाचा. नऊ ज्यूरर. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, आणि शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची. माफी मागून सुटावे असा सल्ला स्नेह्यांनी दिला होता. कोल्हापूर प्रकरणी दिलगिरी दाखविणाऱ्या टिळकांनी या वेळी तो साफ नाकारला. मला यात विसंगती दिसत नाही. तेव्हा छापलेले खोटे ठरले होते, आता तसे काही घडले नव्हते. इंग्लंडात प्रिव्ही कौन्सिलपुढे अ‍ॅस्क्विथसारखा वकील उभा राहिला, तरी अपिलाची परवानगी मिळाली नाही. पुढच्याच वर्षी सरकारने कलम दुरुस्त करून त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्द घातले व १५३-अ हे नवे कलमही आणले.

मधले ताई महाराज प्रकरण मी थोडक्यातच सांगतो. मित्राच्या इस्टेटीचे विश्वस्तपण पत्करले, दत्तकाचा वाद निघाला, आणि एका जिल्हा न्यायाधीशाच्या प्रतिकूल निकालातून टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा खटला उभा राहिला. १९०३ मध्ये अठरा महिने सक्तमजुरी, सत्र न्यायालयात ती सहा महिन्यांवर, आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयात पूर्ण निर्दोष! अपील कशासाठी असते, असे कोणी विचारले तर हे तीन आकडे सांगावेत.

आता १९०८. मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख आले. २४ जूनला टिळक पकडले गेले. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि त्यांनी तय्यबजींच्या १८९७ च्या निर्णयाचाच आधार घेतला. समोर न्यायासनावर कोण होते? तेच दिनशा दावर, आता न्यायमूर्ती झालेले. अकरा वर्षांपूर्वी स्वतः मागून मिळविलेला जामीन त्यांनी आता नाकारला, आणि कारणे देण्याचेही टाळले. एखाद्या नाटककाराने हे रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

सरकारने खास ज्यूरी मागितली. टिळकांच्या बाजूने त्यास विरोध झाला, कारण अशा ज्यूरीत इंग्रजच बहुसंख्य असणार आणि त्यांना मराठीचे अक्षरही कळणार नाही. विरोध व्यर्थ गेला. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. १३ जुलैला सुनावणी सुरू झाली, आणि टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला. दोन लेखांवरचे आरोप एकत्र चालविण्यास त्यांनी हरकत घेतली. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी केलेली उलटतपासणी हा तर आपल्या मराठी विभागातील प्राध्यापकांनी मुद्दाम वाचावा असा भाग आहे. मूळ मराठी शब्दाची छटा कोणती, कोशात अर्थ काय, इंग्रजी शब्द किती अधिक जहाल, असा एकेक शब्द घेऊन त्यांनी घोळ घातला. आरोप मराठी लेखावर आहे आणि ज्यूरी वाचणार ते भाषांतर. मग गुन्हा लेखकाचा की भाषांतरकाराचा, हा त्यामागचा प्रश्न होता.

झडतीत एक कार्डही सापडले होते. त्यावर स्फोटक द्रव्यांसंबंधी दोन पुस्तकांची नावे. दिसायला केवढा भयंकर पुरावा! टिळकांचा खुलासा असा की, सरकारने नुकताच स्फोटक द्रव्यांचा कायदा केला होता, त्यातील व्याख्येवर टीका लिहावयाची म्हणून ती नावे टिपून ठेवली.

आपल्या लेखातील विचार एकट्याचे नाहीत, त्या वेळी देशभर चाललेल्या वादाचा तो भाग आहे, हे दाखविण्यासाठी त्यांनी एकाहत्तर कागद दाखल केले. याची किंमत त्यांना ठाऊक असणारच. बचावपक्षाने पुरावा दिला की शेवटचे भाषण करण्याचा हक्क सरकारपक्षाकडे जातो. तसाच तो गेला. हा सौदा बरोबर होता का, यावर मी बराच विचार केला. ज्यूरीकडे पाहता शेवटचा शब्द मिळूनही फारसा फरक पडला नसता, उलट ते कागद नोंदीत आले म्हणून आज आपल्याला वाचावयास मिळतात.

त्यांचे भाषण १५ जुलैला सुरू झाले ते २२ जुलैला संपले. एकूण एकवीस तास दहा मिनिटे. बराचसा भाग रुक्ष आहे, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि एक सूत्र सुटत नाही: हेतू सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, आणि तो ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशांचा नसून ज्यूरीचा आहे. त्यासाठी इंग्लंडच्या इतिहासातील १७९२ चा फॉक्सचा कायदा त्यांनी इंग्रज ज्यूररांपुढे ठेवला. तुमच्या पूर्वजांनी मिळविलेला हक्क तुम्हीच वापरा, असे त्यांना सांगण्यासारखे ते होते. रात्री निकाल आला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत होऊन टिळक मंडालेस गेले; तेथे असतानाच १९१२ मध्ये सत्यभामाबाई वारल्या. १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्यास परतले तेव्हा घर तसे राहिले नव्हते.

बेळगाव व नगरच्या स्वराज्यविषयक भाषणांबद्दल १९१६ साली त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. नोटीस आली ती नेमकी साठाव्या वाढदिवसाच्या दिवशी! पुन्हा जिना उभे राहिले. या वेळी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी भाषणे तुकड्यांनी न वाचता सबंध वाचली आणि हुकूम रद्द केला. १९०८ मध्ये ज्या पद्धतीने वाचा म्हणून टिळक एकवीस तास सांगत होते, तीच ही पद्धत. विलायतेत चिरोलवर त्यांनी स्वतः लावलेला अब्रुनुकसानीचा दावा मात्र १९१९ मध्ये फसला आणि खर्चाने त्यांचे कंबरडे मोडले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत ते गेले.

ज्यूरी आता आपल्या फौजदारी न्यायालयांत नाही. अटकेचे कारण कळणे, वकील मिळणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे हे हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहेत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे २० व्या अनुच्छेदात आहे. १२४-अ कलम स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ हिंसेला व अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरता आवळला, २०२२ मध्ये त्याचा वापर स्थगित ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण १५२ वे कलम आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी ते कलम आणि केळकरांनी छापलेला वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत.