दानाकडून स्वावलंबनाकडे : फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन

खेड्यातील सोसायटीच्या पायरीवर पीककर्जासाठी बसलेल्या शेतकऱ्याला, किंवा शहरातील पतपेढीत मुलीच्या शिक्षणासाठी अर्ज भरणाऱ्या कारकुनाला रायफायझन हे नाव ठाऊक असण्याचा संभव फार थोडा. तथापि ज्या वाटेने तो तेथवर आला, ती वाट प्रथम तुडविणाऱ्यांत या ख्रिस्ती गृहस्थाची गणना होते. तो मोठा भांडवलदार नव्हता, पंडितही नव्हता. शेजाऱ्याची उपासमार त्याला पाहवली नाही, आणि केवळ हळहळून तो थांबला नाही, एवढेच त्याचे वैशिष्ट्य.

फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीतील झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. वडील काही काळ गावचे प्रमुख होते. परंतु आजारपणामुळे त्यांचे काम सुटले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईच्या खांद्यावर आला. उच्च शिक्षणाला पैसा कोठला? गावच्या पाळकांनी या मुलाला जवळ घेऊन शिकविले. पुस्तकी ज्ञानाबरोबरच ख्रिस्ताच्या प्रीतीचा संस्कारही त्यांनी केला. सतराव्या वर्षी रायफायझन प्रशियाच्या तोफखान्यात दाखल झाले. तेथे बढतीची आशा होती. पण डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले आणि १८४३ साली सैन्य सोडावे लागले. हा विकार पुढे जन्मभर त्यांची सोबत करणार होता.

मुलकी नोकरीत शिरल्यावर १८४५ साली त्यांची वायरबुश येथे नेमणूक झाली. अनेक लहान खेड्यांच्या समूहाचा प्रमुख, असे ते पद होते. ऱ्हाईन नदीच्या पूर्वेकडील वेस्टरवाल्ड हा डोंगराळ मुलूख. जमीन हलकी, हवा थंड, आणि वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडलेले. त्यातच बटाट्यावर रोग पडला, धान्याचे पीकही बुडाले, आणि १८४६-४७ चा हिवाळा दुष्काळ घेऊन आला. ज्याच्यापाशी रोख पैसा होता त्याला पीठ मिळे. पण पैसा तर त्याच घरात नव्हता, ज्या घरात भूक होती.

सरकारने पीठ पाठविले. मात्र ते रोखीनेच विकावे असा हुकूम होता. रायफायझन यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहिला. हुकूम पाळावा तर गरिबांनी पिठाच्या पोत्यांकडे पाहत उपाशी राहावे. मोडावा तर पोटाची नोकरी धोक्यात यावी. त्यांनी पीठ उधारीवर वाटले. पुढे सुखवस्तू गावकऱ्यांना एकत्र करून त्यांनी निधी उभारला, धान्य खरेदी केले आणि गावासाठी सामाईक भट्टी बांधली. तेथे भाजलेला पाव बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळे, आणि त्याचे पैसे पुढील सुगीनंतर फेडायचे असत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा पाव भीक म्हणून दिलेला नव्हता. घेणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तो दिलेला होता. याच काळात त्यांनी शाळा उभारली आणि डोंगरातील माल ऱ्हाईनकाठच्या बाजारात पोहोचावा म्हणून रस्त्याच्या कामाला हात घातला. भुकेल्याला आज पाव हवा आणि उद्या बाजार हवा, हे त्यांनी ओळखले होते.

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे दारिद्र्याचे निराळेच रूप त्यांच्या दृष्टीस पडले. शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय दिसे, पण ती त्याची नसे. व्यापाऱ्याने ती कर्जाने बांधलेली असे. चारा शेतकऱ्याचा, कष्ट शेतकऱ्याचे, आणि लाभाचा मोठा वाटा मात्र व्यापाऱ्याचा. एकदा हप्ता चुकला की गाय जाई, मागोमाग शेतही जाई. रायफायझन यांनी १८४९ साली सुमारे साठ सधन गावकऱ्यांची संस्था स्थापिली. सर्वांनी मिळून आपल्या मालमत्तेची हमी दिली, त्या हमीवर पैसा उभा केला, जनावरे विकत घेतली आणि गरीब शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी दिली. गाय आता खरोखरीच त्याच्या मालकीची होऊ लागली.

१८५२ पासून नॉयवीडजवळील हेडेसडॉर्फ हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. येथे १८५४ साली स्थापिलेल्या संस्थेचा हेतू फारच व्यापक होता : निराधार मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय आणि गरजवंतांना कर्ज. परंतु काही वर्षांतच उत्साह ओसरू लागला. देणारे थकले. आपला लाभ काहीच नाही आणि जोखीम मात्र सगळी आपली, असे सधन सभासदांना वाटू लागले. घेणारे तर संस्थेचे सभासदच नव्हते. ते दाराबाहेर उभे राहणारे अर्जदार होते.

रायफायझन यांच्या आयुष्यातील हा सर्वांत कठीण काळ म्हटला पाहिजे. ज्या ख्रिस्ती दातृत्वावर त्यांनी सारी उभारणी केली, तेच अपुरे पडत होते. १८६३ साली पत्नी एमिली निवर्तली. स्वतःची प्रकृती ढासळत होती, दृष्टी मंदावत होती. अशा वेळी आपलीच योजना चुकली असे कबूल करणे सोपे नसते. त्यांनी ते केले. १८६४ साली हेडेसडॉर्फच्या संस्थेची नव्याने रचना झाली. ज्याला कर्ज हवे त्याने प्रथम सभासद व्हावे, जबाबदारीत वाटा उचलावा आणि कारभारात मत द्यावे, असा नियम झाला. गरीब मनुष्य आता याचक न राहता मालक झाला.

त्यांच्या पेढीचे नियम साधे होते. कार्यक्षेत्र एका गावापुरते किंवा एका मंडळीच्या टापूपुरते असावे, म्हणजे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखील. कर्ज उत्पादक कामासाठीच द्यावे, आणि सोन्यानाण्यापेक्षा मनुष्याची सचोटी व शेजाऱ्याची जामिनकी हेच तारण मानावे. सर्व सभासदांची जबाबदारी अमर्याद असावी. पंचांनी वेतन घेऊ नये. नफा वाटून न टाकता राखीव निधीत घालावा. शेजारी कर्ज बुडवील तर आपले घर जाईल, हे ठाऊक असल्याने शेजाऱ्याच्या शेताकडे, व्यसनाकडे आणि अडचणीकडे लक्ष देणे ओघानेच आले. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्यांनी जणू हिशेबाच्या वहीत उतरविली.

१८६५ साली प्रकृतीच्या कारणाने त्यांना सेवानिवृत्त व्हावे लागले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात संसार भागेना, म्हणून त्यांनी प्रथम सिगारचा कारखाना काढला व नंतर द्राक्षारसाचा व्यापार केला. आजच्या ख्रिस्ती वाचकाला हे व्यवसाय खटकतील. परंतु लोकसेवेतून स्वतःचे पोट भरायचे नाही, हा त्यामागील बाणा नजरेआड करता येत नाही. १८६६ साली या पेढ्यांविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी साथ सोडली असता वडील कन्या अमाली त्यांचे डोळे आणि लेखणी झाली. तिने अविवाहित राहून पित्याच्या कार्याला आयुष्य दिले. थोरांच्या चरित्रात अशा कन्यांच्या वाट्याला एखादीच ओळ येते. पण तिच्यावाचून हे कार्य कितपत पुढे गेले असते याची शंका वाटते.

विरोधही झाला. शहरी सहकाराचे प्रणेते शुल्झ-डेलिच यांना भागभांडवलावाचून चालणाऱ्या या पेढ्या डळमळीत वाटत, आणि १८७० च्या दशकात हा वाद फार रंगला. रायफायझन डगमगले नाहीत. खेड्यातील पेढीला अडचणीत आधार मिळावा म्हणून त्यांनी मध्यवर्ती पेढ्या उभारल्या, पेढ्यांचा संघ बांधला. ११ मार्च १८८८ रोजी नॉयवीड येथे ते प्रभूच्या विसाव्यात गेले, तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या चारशेहून अधिक पेढ्या उभ्या होत्या.

आपल्या देशाशी त्यांचा संबंध जुळला तो त्यांच्या मागे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, तेव्हा कर्जाच्या विळख्याकडे सरकारचे लक्ष वेधले गेले. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन यांना युरोपातील पेढ्यांच्या अभ्यासाला पाठविले. १८९५ व १८९७ मधील आपल्या अहवालातून त्यांनी हिंदुस्थानला आपला रायफायझन शोधण्याचा सल्ला दिला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि दुसऱ्याच वर्षी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने संस्था उभी राहिली.

आपण मुंबईच्या चाळीत राहत असू, नागपूर-इंदूरच्या वस्तीत असू, की दिल्ली-बेंगळुरूच्या एखाद्या लहानशा मराठी मंडळीत असू. दाराशी येणारी गरिबी आपल्याला नवीन नाही. नाताळात धान्य वाटणे, आजाऱ्यासाठी वर्गणी काढणे, हे आपण मनोभावे करतो आणि ते करावेच. वायरबुशच्या हिवाळ्यात रायफायझन यांनीही आधी पावच दिला होता. परंतु अठरा वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळले, की देणाऱ्याचे हात केव्हा ना केव्हा थकतात आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. ज्या बहिणीला आपण दरवर्षी साडी देतो, तिला शिवणयंत्रासाठी जामीन राहण्यास आपल्यापैकी किती जण तयार आहेत? साडी देण्यास थोडा पैसा लागतो, जामीन राहण्यास विश्वास लागतो. अर्धवट दृष्टीच्या या ख्रिस्तसेवकाने आपल्या गरीब शेजाऱ्यात तो विश्वास ठेवण्याजोगा मनुष्य पाहिला. आपली दृष्टी तर शाबूत आहे.