दोन्ही पारडी समान

गणिताच्या तासाला सर फळ्यावर समीकरण लिहितात. नुसत्या संख्या असतात तोवर सारे ठीक चालते. पण मध्येच 'क्ष' दिसला, की तुमच्यापैकी कितीतरी जणांचा चेहरा उतरतो. गणितात अक्षराचे काय काम, असे वाटते. मग नियम कानावर पडतो : उणे चिन्ह पलीकडे गेले की अधिक होते. तुम्ही तो नियम पाठ करता, पण त्याचे कारण कळत नाही. परीक्षेत घाईघाईने चिन्ह चुकते आणि गुण जातात. बीजगणित आपल्याला जमणारच नाही, असे मन ठरवून टाकते.

असे ठरवण्याआधी एका माणसाची ओळख करून घ्या. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी त्यांनी हा विषय सामान्य माणसांना समजावा म्हणून पुस्तक लिहिले. त्यांचे नाव मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी.

अल-ख्वारिझ्मी यांचा जन्म सुमारे ७८० साली झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेला ख्वारिझ्म नावाचा प्रदेश होता. आज त्याचा भाग उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या देशांत येतो. या प्रदेशावरूनच त्यांना अल-ख्वारिझ्मी हे नाव पडले. त्यांचे काम मात्र बगदाद शहरात झाले.

खलिफा मन्सूर यांनी ७६२ साली टायग्रिस नदीच्या काठी बगदाद वसवले. या नदीला तुम्ही उर्दूत दजला म्हणता. पुढे ८१३ ते ८३३ या काळात खलिफा मामून यांनी राज्य केले. त्यांना विद्येची मोठी आवड होती. त्यांच्या काळात 'बैतुल हिकमत' म्हणजे ज्ञानगृह या संस्थेचे नाव दूरवर पोहोचले होते. ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांतील ज्ञान बगदादमध्ये अरबी भाषेत आणले जात होते. अशा वातावरणात अल-ख्वारिझ्मी अभ्यास करत होते.

त्या काळी बगदादमध्ये मोठा व्यापार चाले. मालाची भागीदारी होई, नफा वाटला जाई. शेतजमिनी मोजाव्या लागत, पाण्याचे कालवे खणावे लागत. घरातील कर्ता माणूस वारला की वारसांत मालमत्तेची वाटणी करावी लागे. कोणाला किती द्यायचे, यावरून भांडणे होत आणि ती काझीपुढे जात. हिशेब चुकला तर कोणाचा तरी हक्क बुडे. हिशेब न येणाऱ्या विधवेला किंवा पोरक्या मुलाला आपले नुकसान झाले हेही कळत नसे. अशा कामांना उपयोगी पडेल असे सोपे पुस्तक लिहावे, असे खलिफा मामून यांनी अल-ख्वारिझ्मी यांना सुचवले.

अल-ख्वारिझ्मी यांनी ते काम तडीस नेले. त्या पुस्तकाच्या नावात दोन शब्द होते : 'अल-जब्र' आणि 'अल-मुकाबला'. यांतील पहिल्या शब्दावरूनच 'अलजबरा' हे नाव जगभर गेले. उर्दूत आपण आजही तेच नाव वापरतो. मराठीत या विषयाला बीजगणित म्हणतात. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथाच्या एका भागाचे नावही 'बीजगणित' असेच आहे.

मित्रांनो, अल-ख्वारिझ्मी यांच्या पुस्तकात 'क्ष' नव्हता. अधिक, उणे, बरोबर ही चिन्हेही नव्हती. सारे काही शब्दांत लिहिलेले होते. जी संख्या शोधायची आहे, तिला ते 'शै' म्हणत. शै म्हणजे वस्तू, हे तुम्हांला सांगायला नको. त्याच संख्येला ते कधी 'जझर' म्हणजे मूळ असेही म्हणत. वर्गमूळाला उर्दूत आपण 'जझर-उल-मुरब्बा' म्हणतो, त्यातला जझर हाच. तेव्हा 'क्ष' म्हणजे कोणी परका नव्हे. ज्या वस्तूची किंमत अजून कळलेली नाही, तिचे ते तात्पुरते नाव आहे.

आता जब्र आणि मुकाबला म्हणजे काय, ते पाहू. त्यासाठी दुकानातला तराजू डोळ्यांसमोर आणा. तराजूची दोन्ही पारडी समान आहेत. डाव्या पारड्यात पाच बंद पिशव्या आहेत. प्रत्येक पिशवीत सारख्याच गोट्या होत्या, पण एका पिशवीतून कोणीतरी ८ गोट्या काढून घेतल्या आहेत. उजव्या पारड्यात तशाच तीन भरलेल्या पिशव्या आणि १० सुट्या गोट्या आहेत. पिशवीचे स्वतःचे वजन धरू नका. तर भरलेल्या एका पिशवीत गोट्या किती? हेच आपण असे लिहितो :

५क्ष − ८ = ३क्ष + १०

डावीकडे ८ गोट्यांची उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी डाव्या पारड्यात ८ गोट्या टाका. पण तेवढ्याने डावे पारडे खाली जाईल. म्हणून उजव्या पारड्यातही ८ गोट्या टाका.

५क्ष = ३क्ष + १८

याला म्हणतात जब्र. उर्दूत जब्र म्हणजे जबरदस्ती, पण अरबीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : मोडलेले जोडणे, हाड बसवणे. स्पेन देशात पूर्वी हाडे बसवणाऱ्या माणसाला 'अल्हेब्रिस्ता' म्हणत असत. समीकरणात जे उणे आहे, जे तुटलेले आहे, ते भरून काढणे म्हणजे जब्र.

आता दोन्ही बाजूंना पिशव्या आहेत. डावीकडे पाच, उजवीकडे तीन. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन पिशव्या उचलून बाजूला ठेवा. पारडी समानच राहतील.

२क्ष = १८

याला म्हणतात मुकाबला. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारखे तेवढे वगळायचे. दोन पिशव्यांत १८ गोट्या, म्हणजे एका पिशवीत ९. क्ष = ९. पडताळा घ्या. नऊची पाचपट ४५, त्यातून ८ गेले, राहिले ३७. नऊची तिप्पट २७, त्यात १० मिळवले, झाले ३७. दोन्ही पारडी समान!

पाहा, उणे ८ कुठेही पलीकडे गेले नाहीत. आपण दोन्ही बाजूंना ८ मिळवले, एवढेच. पाठ केलेल्या नियमाचे कारण हे आहे. जे एका पारड्याला कराल, तेच दुसऱ्यालाही करा. उर्दूत समीकरणाला आपण 'मुसावात' म्हणतो. मुसावात म्हणजे बरोबरी, समानता. समीकरणाचा सारा नियम त्या एका शब्दात आहे.

आता अल-ख्वारिझ्मी यांच्या पुस्तकातील एका कुटुंबाकडे वळू. एक स्त्री वारली. तिच्या मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली आहेत. मूळ उदाहरणात मृत्युपत्राने एका परक्या माणसाला दिलेला हिस्साही आहे. सोपे जावे म्हणून आपण तो सोडून देऊ आणि मालमत्ता ४००० दिरहम धरू. शरीअतप्रमाणे मुले असताना पतीला चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे १००० दिरहम. उरले ३०००. त्यात मुलाचा हिस्सा मुलीच्या दुप्पट असतो. एका मुलीचा हिस्सा क्ष मानू. तीन मुलींचे ३क्ष आणि मुलाचे २क्ष.

३क्ष + २क्ष = ३०००
५क्ष = ३०००
क्ष = ६००

प्रत्येक मुलीला ६०० आणि मुलाला १२०० दिरहम. आता सर्वांत धाकट्या मुलीचा विचार करा. तिच्या वतीने बोलायला कदाचित कोणी नसेल. पण हा हिशेब जाणणारा कोणीही सांगू शकेल की तिचे ६०० दिरहम होतात, ५९९ नव्हेत. अल-ख्वारिझ्मी यांच्या पुस्तकाचा मोठा भाग अशाच वाटण्यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे.

त्यांनी याहून अवघड समीकरणेही सोडवली. सर्व समीकरणांचे त्यांनी सहा प्रकार केले आणि प्रत्येकाची रीत सांगितली. केवळ रीत सांगून ते थांबले नाहीत. रीत बरोबर का आहे, हे त्यांनी आकृत्या काढून दाखवले. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे : एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात. त्यांनी क्ष बाजूचा चौरस काढला. त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीची एकेक पट्टी जोडली. या सर्वांचे क्षेत्रफळ ३९. पण एक कोपरा रिकामा राहिला. तो ५ बाजूचा चौरस, म्हणजे २५. तो भरला तर एक मोठा चौरस पूर्ण होतो. ३९ मध्ये २५ मिळवले, झाले ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. त्यातून ५ गेले, उरले ३. येथेही उणीव भरली ती दोन्ही बाजूंना सारखीच!

अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकांवरही पुस्तक लिहिले. नऊ अंक आणि शून्याचे लहानसे वर्तुळ यांनी कोणतीही संख्या कशी लिहावी, हे त्यांनी त्यात समजावले. ही पद्धत भारतीयांची आहे, हे त्यांनी लपवले नाही. ग्रह-ताऱ्यांच्या गणितासाठी त्यांनी जी कोष्टके तयार केली, त्यांच्या नावात 'सिंदहिंद' हा शब्द आहे. हा आपल्या 'सिद्धान्त' शब्दाचाच अरबी अवतार आहे. खलिफा मन्सूर यांच्या काळात भारतातील खगोलशास्त्राचा ग्रंथ बगदादला पोहोचला होता, त्याची ही आठवण. जगातील दोन हजार चारशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश देणारे भूगोलाचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

सुमारे ८५० साली अल-ख्वारिझ्मी यांचे निधन झाले. त्यांचे ज्ञान मात्र प्रवास करत राहिले. ११४५ साली स्पेनमधील सेगोव्हिया शहरात चेस्टरच्या रॉबर्ट यांनी त्यांच्या बीजगणिताचा लॅटिन अनुवाद केला. लॅटिनमध्ये लिहिताना त्यांच्या नावाचे रूप बदलत गेले आणि त्यातूनच 'अल्गोरिदम' हा शब्द तयार झाला. एखादे काम ठरलेल्या क्रमाने, पायरीपायरीने करण्याची रीत म्हणजे अल्गोरिदम. आज संगणक आणि मोबाइल याच रीतीने चालतात. तुम्ही मोबाइल हातात घेता, तेव्हा ख्वारिझ्मच्या या विद्वानाचे नाव नकळत तुमच्या हातात असते.

मित्रांनो, उद्या फळ्यावर 'क्ष' दिसला तर घाबरू नका. ती एक बंद पिशवी आहे, एवढे लक्षात ठेवा. तराजू डोळ्यांसमोर आणा. उणीव भरा, सारखे वगळा आणि कोणत्याही पारड्यावर अन्याय होऊ देऊ नका. उत्तर आपोआप समोर येईल.

शब्दार्थ
पारडे – तराजूचा पलडा
उणीव – कमी
वाटणी – तकसीम
मालमत्ता – जायदाद
वारस – वारिस
पडताळा – उत्तर बरोबर आहे का ते तपासणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बगदाद शहर कोणी व केव्हा वसवले?
(आ) अल-ख्वारिझ्मी शोधायच्या संख्येला काय म्हणत?
(इ) 'अल्गोरिदम' हा शब्द कशापासून तयार झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणिताचे पुस्तक कोणत्या कामांसाठी लिहिले?
(आ) जब्र आणि मुकाबला यांतील फरक तराजूच्या आधारे सांगा.

३. वाक्यात उपयोग करा : चेहरा उतरणे, तडीस नेणे, हक्क बुडणे.

४. सोडवा व पडताळा घ्या.
(अ) ४क्ष − ७ = २क्ष + ५
(आ) सारख्या किमतीच्या तीन वह्या आणि १५ रुपयांचे एक पेन मिळून ९० रुपये झाले. एका वहीची किंमत किती?