संधिवात, मधुमेह आणि राज्यघटना: डॉ. आंबेडकरांनी शेवटची वर्षं दुखण्यासोबत कशी काढली?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यघटनेचा मसुदा तयार करत होते, त्याच काळात पायांच्या वेदनांमुळे त्यांना अनेक रात्री झोप लागत नव्हती. संधिवात, मधुमेह, रक्तदाब आणि न्यूरायटिस ही दुखणी शेवटपर्यंत त्यांच्या सोबतीला राहिली.

एकात एक गुंतलेली दुखणी

संधिवातात सांधे दुखतात, आखडतात. न्यूरायटिस म्हणजे नसांचा दाह. मधुमेह आटोक्यात नसेल तर पायांच्या नसांना इजा होते आणि ठणका बहुधा रात्री वाढतो. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी दुखणं अधिकच जाणवतं.

मधुमेहावर इन्सुलिन 1922पासून वापरात होतं. संधिवाताची गोष्ट वेगळी होती. सूज झपाट्याने उतरवणारं कॉर्टिझोन अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं ते सप्टेंबर 1948मध्ये. तोवर वेदनाशामक गोळ्या, पथ्य, शेक आणि विश्रांती यांवरच मुख्य भिस्त असे.

पण विश्रांती मिळणार कुठून? 29 ऑगस्ट 1947 रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी दिल्लीबाहेर राहिलं. बराचसा भार आंबेडकरांवर आला.

घरातच डॉक्टर

पत्नी रमाबाईंचं 1935मध्ये निधन झालं होतं. पुन्हा लग्न करायचं नाही, असं बाबासाहेबांनी ठरवलं होतं. मात्र प्रकृतीची काळजी घ्यायला घरात कुणीतरी हवं, असं डॉक्टरांनी बजावलं.

मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर त्यांच्यावर उपचार करत. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. कबीर कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातलं. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे हेही त्याच जिल्ह्यातलं. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत दोघांचं लग्न झालं. शारदाबाई सविता आंबेडकर झाल्या, पुढे लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले.

जेवण, औषधं, इन्सुलिन, झोपेच्या वेळा यांवर त्यांनी लक्ष ठेवलं. भेटायला येणाऱ्यांवरही मर्यादा आणली. आजाऱ्याला त्याची गरज होती, पण साहेबांना भेटता येत नाही म्हणून काही कार्यकर्ते दुखावले.

आजार बरा झाला नाही, काम झालं

26 नोव्हेंबर 1949 रोजी राज्यघटना स्वीकारली गेली. ऑगस्ट 1951मध्ये आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून प्रकृतीची चिंता कळवली. उपचारांसाठी सलग वेळ काढण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावं, अशी त्यांची इच्छा होती. ते लागलं नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पुढे चालायला काठी आणि आधार लागू लागला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखोंच्या साक्षीने त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाही हातात काठी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथेच प्रदीर्घ भाषण केलं. 6 डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

न छापलेली प्रस्तावना

त्यांच्या मृत्यूनंतर काहींनी माईसाहेबांवरच संशय घेतला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी त्या अनेक वर्षं एकाकी पडल्या.

‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ 1957मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी बाबासाहेबांनी 1956मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ लिहिताना प्रकृती किती खालावली होती हे त्यांनी त्यात सांगितलं होतं आणि आपण तगलो याचं श्रेय पत्नी व डॉ. मालवणकरांना दिलं होतं. पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना नव्हती. ती 1980मध्ये वाचकांसमोर आली.