वैऱ्याचे व्रत

रणांगणी रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार यथाविधी करण्यास प्रभू रामचंद्रांनी बिभीषणास सांगितले. मरणाशी वैर संपते, ही आपली शिकवण. श्रावणमासाच्या निमित्ताने, या शिकवणीची कसोटी पाहणारी तळेगाव दाभाडे येथील कथा भाविक वाचकांपुढे ठेवतो.

थोरले बाजीराव यांचा जन्म १७०० सालचा. पिता बाळाजी विश्वनाथ निवर्तल्यावर १७२० साली, ऐन तारुण्यात, छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस पेशवाईची वस्त्रे दिली. तळेगावचे दाभाडे हे स्वराज्याचे सेनापती. गुजरात ही त्यांची कर्मभूमी. त्या प्रांताच्या चौथाईत पेशव्यांनी हात घातला, तेव्हा सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईनजीक दोन मराठी सैन्ये एकमेकांस भिडली. त्र्यंबकराव शर्थीने लढले आणि गोळी लागून धारातीर्थी पडले.

जय बाजीरावांचा झाला. परंतु तो स्वकीयांवरचा जय. तळेगावी उमाबाई पुत्रशोकात होत्या. महाराजांनी बाजीरावांस त्या मातेपुढे उभे करून शासनाचा अधिकार तिच्या हाती दिला आणि तिने शस्त्र चालविले नाही, असे परंपरा सांगते. सेनापतिपद त्र्यंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांस मिळाले.

दाभाड्यांच्या घरी श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात होता. कर्ता पुरुष पडल्यावर तो खंडला असता. बाजीरावांनी तो पुण्यास पुढे चालविला. त्यांच्या अंतरीची व्यथा कोणी मोजावी? परंतु ज्याचा दिवा आपल्या हातून विझला, त्याच्या दानाची वात त्यांनी विझू दिली नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीरावांनी देह ठेवला. दक्षिणा मात्र पुढील पेशव्यांच्या काळीही चालू राहिली. पेशवाई बुडाल्यावर, १८२१ साली, त्याच दक्षिणेच्या निधीतून पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तळेगावचे पुण्य असे विद्यारूपाने उरले.

तथापि दानाने मातेचे ऋण फिटत नाही. पुढे वीस वर्षांनी उमाबाई ताराराणींच्या पक्षास मिळून पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. जखम भरली नव्हती. म्हणून सुज्ञांनी दोन्ही गोष्टी चित्ती धराव्या. वैरी पडला असता त्याचे सत्कार्य आपण शिरी घ्यावे; आणि ते घेतल्याने आपण ऋणमुक्त झालो, असे मात्र मानू नये.