खुर्चीपेक्षा मोठा माणूस

आमच्या गावात साहेब हा शब्द जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. शाळेत असताना एका दाखल्यासाठी मी वडिलांबरोबर एका कचेरीच्या व्हरांड्यात दुपारभर बसलो होतो. आत साहेब होते, बाहेर आम्ही. परत येताना वडिलांनी मला एवढेच सांगितले की, शिकून साहेब हो. आज आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे बरेच मित्र स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसतात, मीही बसतो. परंतु साहेब झाल्यावर काय करायचे, हे त्या पुस्तकांत नाही. म्हणून मला चिंतामणराव देशमुखांच्या जीवनाकडे वळावेसे वाटले.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या खेड्यात झाला. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला त्यांनी विज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले आणि १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक पटकाविला.

परंतु नोकरी कोणाची? परक्या सरकारची! हा प्रश्न त्यांच्याही मनात होता. लोकमान्य टिळक तेव्हा विलायतेत होते. चिंतामणरावांनी त्यांची भेट घेतली आणि नोकरी पत्करून कारभाराचा अनुभव घ्यावा, तो पुढे स्वराज्याच्या कामी येईल, असा सल्ला त्यांना मिळाला, असे सांगतात.

त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. वाचकहो, तो आपलाच मुलूख! त्या वेळी आपले वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होते आणि कारभार नागपुराहून चाले. रायपूरकडे त्यांनी जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे काम केले. पुढे ते प्रांताचे अर्थसचिव झाले. ज्या सरकारी हिशेबात आपल्या आजोबा-पणजोबांचा शेतसारा जमा होई, तो हिशेब त्यांच्या नजरेखालून जात होता.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते तिचे गव्हर्नर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. नोटेवर आता एका मराठी माणसाची सही आली. १९४४ साली जागतिक बँक व नाणेनिधी यांचा पाया घालणाऱ्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. बेचाळीसच्या चळवळीत तरुण तुरुंगात जात असताना ते सरकारी पदावर होते, ही गोष्ट मला खटकते आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु फाळणीच्या धामधुमीत चलनाची घडी मोडू न देणे, ३० जून १९४८ पर्यंत एकाच बँकेने दोन्ही देशांचे काम पाहणे, हे अनुभवी हातांशिवाय झाले नसते. टिळकांचा सल्ला असा फळाला आला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ साली, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते १९५६ साली. दोन्ही गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीतल्या.

आणि त्याच १९५६ साली त्यांनी खुर्ची सोडली! मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी न होणे, ही त्याची कारणे. आपल्या विदर्भात तेव्हा मते दुभंगलेली होती. पुष्कळांना वेगळे राज्य हवे होते आणि राज्य पुनर्रचना आयोगानेही तशी शिफारस केली होती. तेव्हा त्यांचे मत सर्वांनाच पटले असेल असे नाही. मला मोठे वाटते ते त्यांचे मत नव्हे, तर त्या मतासाठी त्यांनी मोजलेली किंमत. आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाला आज्ञा कुठवर पाळायची आणि कुठे थांबायचे, हे कळले होते.

मंत्रिपद गेले म्हणून ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे ते अध्यक्ष झाले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते हरले. संस्कृतची आवड मात्र शेवटपर्यंत टिकली. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद त्यांनीच केला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई याही थोर समाजसेविका. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांचे निधन झाले.

मित्रहो, खुर्ची मिळविण्यासाठी आपण रात्री जागवतो. मिळाली तर वडिलांना आनंद होईल, मलाही होईल. परंतु त्या दिवशी व्हरांड्यात कोण बसले आहे, हे मी उठून पाहीन का? आणि वेळ आली तर त्या खुर्चीवरून उठण्याची हिंमत मला होईल का? उत्तर आज माझ्याजवळ नाही. पण परीक्षेचा अर्ज भरण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचारायला मी चिंतामणरावांकडून शिकलो.