उंबरठा ओलांडणारी अभिनेत्री

दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर बातम्या देणारी सावळी तरुणी दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली आणि रुपेरी पडद्याला स्मिता पाटील मिळाल्या. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेल्या स्मिता यांना सार्वजनिक जीवनाचे बाळकडू घरातच लाभले. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, तर आई विद्याताई समाजकार्यात होत्या.

'चरणदास चोर'पासून (१९७५) सुरू झालेली कारकीर्द जेमतेम दशकभराची ठरली. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर बेतलेल्या 'भूमिका'साठी (१९७७) त्यांना पहिला, तर झोपडपट्टीतील अम्मा साकारणाऱ्या 'चक्र'साठी (१९८१) दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'जैत रे जैत'मधील चिंधी मराठी रसिकांनी मनात जपली. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मध्ये (१९८२) महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडणाऱ्या सुलभा महाजनने तर मध्यमवर्गीय कुटुंबांना अंतर्मुख केले. १९८५ मध्ये 'पद्मश्री'ने त्यांचा गौरव झाला.

पुत्रजन्मानंतर अवघ्या पंधरवड्यात, १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सुभेदाराच्या जुलमापुढे न झुकणारी 'मिर्च मसाला'मधील सोनबाई प्रेक्षकांनी पाहिली, ती त्यांच्या पश्चात.